जावईबापूंचं इंग्रजी

प्रभादेवीच्या आमच्या चाळीत रघुवीरकाका सबनीस म्हणजे इंग्रजीचे हवालदार. गिरणीच्या ऑफिसात ते हेडक्लार्क. खुद्द साहेबाचं पत्रसुद्धा काकांच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. ब्याऐंशी साली संप झाला, गिरणीला टाळं लागलं. कामगारांचे हाल सगळ्यांना दिसले. त्या लाल पेन्सिलीचे कोणाला दिसणार? ती बिचारी घरी आली. आणि घरात होती लग्नाची लतिका.

इतरांकडे मुलगी बघायला येतात. काकांकडे पोहे व्हायचे लतिकाच्या नावाने आणि परीक्षा मुलाची. एक जण ऐटीत म्हणाला, "आय पास्ड आउट इन सेव्हन्टी-एट."

"बेशुद्ध पडलात?" काका म्हणाले. "मग नोकरी कुणी दिली?"

तो पोहे टाकून गेला. वरच्या मजल्यावरच्या वसंताला तो दुपट्यात असल्यापासून काका ओळखत होते. त्यालाही त्यांनी इंग्रजीत ओळख करून द्यायला लावली. "मायसेल्फ वसंत," तो म्हणाला. काकांनी त्याला जिना दाखवला.

असं दोन वर्षं चाललं. मग लतिकाला तिच्या ऑफिसातला हेरंब आवडला. माणूस लाखात एक, पण इंग्रजी आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्यासारखं, दिसेल त्या फटीतून बाहेर येणारं.

"आई, याला नापास केलं ना, तर मी लग्नच करणार नाही," लतिका म्हणाली.

दुर्गाकाकू कांदा चिरत होत्या. "मग त्याला बोलू देऊ नकोस. जास्तीचे पोहे भिजवते."

हेरंब आला. काकांनी घसा साफ करून चांगला लांबलचक प्रश्न टाकला. हेरंबने तोंड उघडलं, तोच लतिकाने ताटलीत डाव रिकामा केला. "घ्या ना, संकोच नको." हेरंबने घास घेतला आणि मान डोलावली. पुढचा प्रश्न, पुढचा डाव. शेवटी पोराचे डोळे पांढरे व्हायला आले, पण मान डोलतच होती.

तो गेल्यावर काका गहिवरून म्हणाले, "एवढ्या मुलांत हा पहिला. एकही चूक नाही!"

लग्न झालं. दिवाळसणाला जावईबापू आले आणि बाहेर निम्मी चाळ गोळा झाली. पोटात फराळ, अंगात नवा सदरा. हेरंब मोकळा झाला.

"बाबा, आय अॅम व्हेरी मच हॅपी! लतिका इज कुकिंग टू गुड! व्हाय यू आर नॉट ईटिंग?"

काकांचं बोट सवयीने वर गेलं. "अहो," काकू हळूच म्हणाल्या, "जावई आहेत." बोट हवेतच थांबलं आणि हळूहळू खाली येत करंजीवर टेकलं.

"घ्या, जावईबापू," काका म्हणाले. "संकोच नको." आणि अख्खी करंजी त्यांनी स्वतःच्या हाताने जावयाच्या तोंडात घातली.

दारातून वसंत म्हणाला, "आणि काका, माझं मायसेल्फ?"

काकांनी दुसरी करंजी हातात तयार ठेवली होती. जावयाकडे बघत ते गंभीरपणे म्हणाले, "त्याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत."