पाहुण्याला पांढरी

माझे साडू अकोल्याला जठारपेठेत राहत आणि मी अमरावतीला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे एकमेकांकडे जाणं-येणं सतत चालायचं. गेलं की जेवण, आणि जेवणानंतर बुद्धिबळाचा एक डाव. एकच. त्याचा एक नियम नव्या जावयांच्या काळातच ठरून गेला होता: पाहुण्याला पांढरी. पहिली पोळी त्याच्या ताटात, पंख्याखालची जागा त्याची, आणि पहिली चालही त्याचीच.

पांढऱ्याला पहिली चाल मिळते म्हणून पांढरी सोंगटी फायद्याची, असं बुद्धिबळवाले मानतात. जठारपेठेत हा फायदा कधी पोचला नाही. अमरावतीत, आपल्या घरी, काळ्याने खेळून मी साडूंना कितीतरी वेळा घाम फोडला. अकोल्यात पांढऱ्याने मात्र एकदाही जिंकलो नाही.

कारण साडूंकडे एकच बचाव होता आणि तो बचाव म्हणजे हल्लाच. सिसिलियन, आणि त्यातही ड्रॅगन. हे नाव मी ठेवलेलं नाही, पुस्तकातच आहे. मी राजापुढचं प्यादं सज्जन माणसासारखं दोन घरं पुढे करायचो, आणि ते बाजूच्या गल्लीतून निघायचे. मग त्यांचा एक उंट कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि तिथून तिरक्या रेषेत माझ्या राजाच्या घरावर डोळा ठेवायचा. आणि डाव रंगात आला की साडू आपला हत्ती माझ्या घोड्यावर टाकायचे. हत्ती देऊन घोडा! मोठं देऊन लहान घ्यायचं. वर पानदान पुढे सरकवल्यासारखं म्हणायचे, "घ्या साडूभाऊ, लाजू नका." मी लाजत नसे, घेत असे, आणि थोड्याच वेळात मरत असे.

त्यांचा मुलगा पुण्याला स्थिरावला आणि त्याने आईबापांना बोलावून घेतलं. साडूंनी औषधांचं दुकान दुसऱ्याला दिलं, घर विकलं. आवराआवरीला आम्ही शेवटचं जाणार हे ठरलं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली: त्या घरात आता एकच डाव उरलाय. तो जिंकला तर जिंकला. नाहीतर मी जठारपेठेत कायमचा हरलेला माणूस.

मी तयारीला लागलो. ड्रॅगनपुढे पांढऱ्याला दोन रस्ते असतात. एक सांभाळून जाण्याचा: राजा जवळच्या बाजूला झाकायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दुसरा असा की राजा लांबच्या बाजूला न्यायचा, म्हणजे अगदी त्या उंटाच्या नजरेसमोर, आणि कडेचं प्यादं सरळ शत्रूच्या राजावर सोडायचं. मग दोघंही हल्ला करतात आणि ज्याची एक चाल वाया गेली तो मेला. आयुष्यभर मी पहिल्या रस्त्याने गेलो होतो. या वेळी दुसरा.

तालमीला काळ्याकडून बायको बसायची. तिला बुद्धिबळात रस नाही, पण जेवणानंतर ती बहिणीशी व्हिडिओवर बोलत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली असायचीच, तर बसल्या बसल्या काळी सोंगटी सरकवायला तिची हरकत नव्हती. माझ्या मोबाइलवर बुद्धिबळ खेळणारं इंजिन, तिच्या मोबाइलवर बहीण. इंजिन सांगेल ती काळ्याची चाल मी तिला दाखवायचो, आणि माझी चाल मी उभा राहून करायचो. नुसती करायचो नाही, पुकारायचो. अशा गोष्टी मला मनातल्या मनात जमत नाहीत.

"उंट राजापुढं! वजीर उंटाच्या मागं! राजा चालला लांबच्या गल्लीत! आणि आता," कडेच्या प्याद्याला हात घालून, "निघाली वरात!"

"हळू बोला नं," बायको म्हणायची. "शेजारच्यायले वाटते आपल्या घरी भांडण होऊन राह्यलं."

मोबाइलमधून मेहुणीचा आवाज यायचा, "बोलू दे वं ताई. इकडं दुपारी तेवढीच करमणूक हाय."

कित्येक दुपारी मी एकाच जागी अडत होतो. वरात काळ्या राजाच्या दारापर्यंत जायची, पण काळ्याचा एक घोडा दार अडवून उभा. मी दुसरं काही करू लागलो की काळा हत्ती माझ्या घोड्यावर पडायचा आणि खेळ खलास. एके दिवशी उत्तर सापडलं. मी चाल पुकारणार तोच मोबाइलमधून मेहुणी ओरडली, "ताई, नळ आले!" आणि फोन बंद. अकोल्यात नळ आले की माणसं घास टाकून उठतात, तिथे माझ्या चालीची काय कथा. ती चाल मी रिकाम्या स्वयंपाकघराला पुकारली. बायकोही भांडी घासायला मागच्या मोरीवर निघून गेली होती. उत्तर सापडलं म्हणून तालीमही मी तिथेच थांबवली.

आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा घरात खोकी आणि दोऱ्या. पट मात्र साडूंनी बांधला नव्हता. जेवणं झाली, बहिणी आत कपाट रिकामं करू लागल्या, आम्ही सतरंजीवर बसलो. मी पांढरी सोंगटी पुढ्यात ओढली. साडूंनी पटावर हात ठेवला.

"थांबा साडूभाऊ. पाहुणा कोन?"

"मी. दुसरं कोण?"

"अन् घर कोनाचं हाय?"

"तुमचं."

"कायचं माहं? विकलं. परवा किल्ली देतो. आता इथं तुमी बी पाहुणे अन् मी बी पाहुणा."

"अहो, आत्ता जेवू कोणी घातलं मग?"

"शेजारच्यायनं. गॅस कालच काढला आमी."

आमच्याकडे नियम म्हणजे नियम. साडूंनी पाठीमागे हात नेऊन एकेका मुठीत एकेक प्यादं धरलं. मी उजवी मूठ निवडली. काळं निघालं. दोन्ही मुठींत काळीच होती अशी शंका मला आजही आहे, पण तेव्हा दुसरी मूठ पाहायचं सुचलं नाही.

तर माझी एवढी तयारी पांढऱ्याची, आणि पुढ्यात काळी. साडूंनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मग माझ्या मनात आलं, इतक्या दुपारी ज्याच्याशी झुंजलो तो ड्रॅगन मला आता त्यांच्याइतकाच पाठ आहे की. मी बाजूच्या गल्लीतून निघालो. साडूंनी मान वर करून पाहिलं आणि हसले. माझा उंट कोपऱ्यात गेला. त्यांचाच वाघ त्यांच्यावर सोडल्याचा आनंद मला फार झाला.

त्यांचा उंट राजापुढं आला. मग वजीर उंटाच्या मागं. मला काहीतरी ओळखीचं वाटू लागलं. राजा लांबच्या गल्लीत गेला. साडूंनी कडेचं प्यादं उचललं आणि पुटपुटले, "निघाली वरात."

"हे कुठं शिकले तुमी?"

"तुमच्याकूनच. मी जेवून बाजूलेच पडलेला असतो नं. तुमचा आवाज काय लहान हाय काय?"

म्हणजे मी माझ्याच हल्ल्यापुढे बसलो होतो! वरात येत गेली आणि मी माझ्याच चालींना उत्तरं देत गेलो. शेवटी आली ती जागा. दारात माझा काळा घोडा, हत्ती नेम धरून तयार, चाल पांढऱ्याची. आणि साडू थांबले. हात या सोंगटीवरून त्या सोंगटीवर.

"काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. मग खरं बोलले. "इथं नळ आले होते."

मला फक्त गप्प बसायचं होतं. त्यांनी दुसरं काहीही खेळलं असतं, तर माझा हत्ती पडला असता, "घ्या साडूभाऊ, लाजू नका" म्हणायची पाळी माझी असती, आणि जठारपेठेतला पहिला आणि शेवटचा विजय खिशात. त्यांचा हात राजाकडे गेला. चूक चाल. पण ती खरी चाल माझ्या पोटात इतके दिवस दाबलेली होती. आजवर ती फक्त एका रिकाम्या स्वयंपाकघराने ऐकली होती.

"अहो, राजा कायले!" मी गुडघ्यांवर उठलो. त्यांचा घोडा उचलला आणि पटाच्या मधोमध, माझ्याच सोंगट्यांच्या तोंडावर ठेवला. "घ्या म्हणावं! घेतला तर दारातला घोडा हलतो, वजीर कडेनं आत. नाही घेतला तर हाच घोडा दारातल्याला खातो, वजीर तरी आत!"

साडूंनी बोटाने दोन्ही रस्ते चालून पाहिले. मीही पाहिले. काळ्याला खरंच काही उरलं नव्हतं. मी माझा राजा आडवा केला.

"सुंदर हाय," साडू म्हणाले.

आतून मेहुणीने विचारलं, "कोन जिंकलं हो भाऊजी?"

आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "मी."