दुपारची विहीर

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी चिखलीत मास्तरकी करत होतो. शिकवण्यापेक्षा लिहिण्याची खाज जास्त. गावातून एक साप्ताहिक निघायचं, त्यात मी गावातलं रोजचं जगणं लिहायचो. गावाचे नाल्यामुळे दोन भाग. अलीकडे आम्ही, पेठ, शाळा, देवळं. पलीकडे, ज्यांना आमच्या विहिरींना हात लावू देत नसत ते. कायदा बदलला होता, विहिरी बदलल्या नव्हत्या. पलीकडच्या बायकांनी विहिरीपासून चार हात लांब घागरी मांडून बसायचं आणि कोणाला दया आली तर त्यानं वरून पाणी ओतायचं, ही रीत. ओतणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटायचं. मलाही वाटलेलं आहे.

एका उन्हाळ्यात भर दुपारी भटकत मी एका माळीण बाईच्या मळ्यात पोचलो. बाई विधवा, दिरांच्या शेजारी वांगी-मिरची पिकवून राहणारी. पाहतो तर पलीकडच्या सात-आठ बायका तिच्या विहिरीतून स्वतःच्या हातांनी पाणी काढत होत्या. दोर तिचाच. ती बांधावर भाकर खात बसलेली. मला पाहून बायका थबकल्या.

"काढा वं, काढा," ती म्हणाली. "गुरुजी आपलेच हायेत." मग माझ्याकडे वळून, "घरचे जेवून झोपले का हा यक घंटा माहा. कोनाले सांगू नका, गुरुजी."

मी मान हलवली आणि घरी येऊन लिहिलं. मी सांगत नाही, लिहितो आहे, अशी स्वतःची समजूत घातली. नाव घातलं नाही. पण मळा, बांधावरचं कवठाचं झाड, विधवा, दुपार. चिखलीत याउपर नावाची गरज काय? कौतुक मात्र तोंड भरून केलं. लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले होते. चुलीत जावो ते भरून येणं.

साप्ताहिक न्हाव्याच्या दुकानात मोठ्यानं वाचलं जायचं. दोन दिवसांनी तिचा थोरला दीर शाळेत आला. मला वाटलं, भांडायला आला. तो टोपी हातात घेऊन खाली बघत बसला.

"गुरुजी, थे तुमी मनानंच लिहिलं असन ना? भावकीतले लोकं मले इचारून राह्यले. तुमी एक डाव म्हना का गोष्ट होती, म्हंजे मीबी तसंच सांगतो. मिटलं."

त्याला सगळं आधीपासून ठाऊक असणार. दुपारचा तो एक तास तो मुद्दामच झोपत असणार. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त राग आला. माझ्या लिहिण्याला हा बनावट म्हणतो?

"मी मनचं लिहीत नाही," मी छाती काढून म्हणालो. "डोळ्यांनी पाहिलंय."

तो "हाव" म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

आठवडाभरात विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण आलं आणि भावकीतला एक जण दुपारी तिथे खाट टाकून बसू लागला. पलीकडच्या बायका परत गावविहिरीपासून चार हात लांब, वैशाखाच्या उन्हात.

मी माफी मागायला मळ्यात गेलो. ती वांग्यांत निंदत होती. शिव्या देईल असं वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, "लई चांगलं लिहिलं म्हनतात. मले वाचता येत नाही. वाचून दाखवा." अंक माझ्या खिशातच होता, लाज वाटावी अशीच ती सवय. मी वाचलं. तिनं हातातलं काम थांबवून सगळं ऐकलं.

"इतकं ग्वाड लिहिता येते तुमाले," ती म्हणाली, "मंग यक डाव खोटं बोलता नाही आलं?"

पुढे आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो. नोकरीसाठी, घरात, स्वतःच्या सोयीसाठी, जीभ न अडखळता. त्या एकाच दिवशी मला खरं बोलायचं होतं.