डिलन नावाचा अर्थ

नेदरलँड्समधल्या आमच्या आल्मेरे गावात कालव्यातला गाळ उपसायला लागले की तो ओला, कुजकट वास येतो आणि मी आजही आधी बागेच्या फाटकाची कडी तपासायला जाते.

माझी मुलगी इरा तेव्हा पाच वर्षांची होती. शेजारची मेगन मूळची वेल्सची. ती मुलाला घेऊन चहाला आली असताना मी सहज त्याच्या नावाचा अर्थ विचारला; मुलं शेजारीच खेळत होती.

"डिलन म्हणजे समुद्राचा मुलगा," ती हसून म्हणाली. "आमच्या जुन्या गोष्टीत नाव ठेवल्याबरोबर तो थेट पाण्यात जातो."

थोड्या वेळाने पाहिलं, तर बागेचं फाटक उघडं आणि दोन्ही मुलं गायब. मी कालव्याकडे धावले. हिरव्या शेवाळाखाली पाणी दिसतच नव्हतं. "डिलन! डिलन!" मी ओरडत होते; स्वतःच्या मुलीचं नाव तोंडातून फुटेना.

मुलं पुलाखाली सापडली. तीन वर्षांचा डिलन बदकांकडे झेपावत होता आणि इराने त्याचं जॅकेट दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं.

"फाटक का उघडलंस?" मी तिच्यावरच खेकसले.

"त्याने उघडलं," ती जॅकेट न सोडता म्हणाली. "आई, तो समुद्राचा आहे ना? मग तो जाणारच होता."

तेव्हा मला फक्त माझी भीती दिसली. आमचं बोलणं ऐकून ती माझ्याहून जास्त घाबरली होती आणि तरीही त्याच्यामागे गेली होती, हे कळायला मला फार वर्षं लागली.