अंगठ्याचा काळा दोरा

साक्रीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली आणि माझ्या पोटात पुन्हा मुरडा आला. नोकरीवर हजर व्हायला निघाले होते. मी शौचालयाकडे पळाले. आईने एक पाय पायरीवर ठेवून गाडी अडवून धरली. परत आल्यावर तिने खाली बसून माझ्या पायांच्या अंगठ्यांना काळा दोरा बांधला. "बेंबी सरकनी शे. दोरा सोडू नको, बठ्ठं ठीक व्हई जाई."

आमच्याकडे बाईचं पोट बिघडलं की बेंबीच सरकते. मग एरंडेल चोळायचं, पोटावर दिवा ठेवून तांब्या पालथा घालायचा. तुम्हीही हे सोसलं असेल, बायांनो.

पुण्यात मीटिंग म्हटली की माझ्या पोटात कालवाकालव व्हायची. उपाशी जायचे, दाराजवळची खुर्ची धरायचे. तपासण्या सगळ्या नॉर्मल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आयबीएस, म्हणजे ताणाने बिघडणारं आतडं. औषधासोबत योगासनं आणि समुपदेशन सांगितलं. मला संताप आला. दुखणं पोटात आणि उपचार मनावर! तरी गेले. तिथे पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. पूर्ण बरी झाले असं नाही, पण मीटिंगमधून उठून पळणं कमी झालं.

आई मात्र पुण्याला कधी आली नाही. कधी गुरं, कधी पेरणी. माझं पहिलं बाळंतपण जवळ आलं, डॉक्टरांनी मला प्रवास नको म्हटलं, तरी ती नाहीच म्हणाली. मी फोनवर ओरडले. मग ती म्हणाली, "माले बी तुनासारखंच व्हस वं माय. गाडीमा कोणले सांगू?"

तिच्याही अंगठ्यांना दोरा असायचा. लग्नाला गेली की ती पंगतीत बसायची नाही, वाढायलाच उभी राहायची. आम्हाला वाटायचं, आईला वाढायची हौस.

साक्रीच्या डॉक्टरांकडे तिला पाठवलं. रोज फोनवर आम्ही दोघी श्वास घ्यायला लागलो. शेवटी ती गाडीत बसली. चांदवडनंतर तिचा फोन लागेना. पुण्याच्या स्टँडवर तिची वाट बघताना माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. बाळाच्या की भीतीच्या, कळेना.

गाडी उशिरा आली. आई उतरली ती पांढरीफटक, पण ताठ. "कंडक्टर मास्तरले सांगी दिनं, पोटमा कळ शे. थांबाडी त्यानी गाडी." आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात तिने मला विचारलं, "संडास कोठे शे?"

साक्री की पुणे, हे मला आता कुणी विचारू नये. जिथे हे असं मोठ्याने विचारता येतं, ते आमचं घर.