गरुडवाले काका

आठवड्याचे पाच दिवस गरुडवाले काका धक्क्यावर बोटी दुरुस्त करत आणि शनिवार-रविवार लोकांना बेटावर फिरवून आणत. त्या दोन दिवसांची त्यांना मनापासून किळस येई. माणसं बोटीत चढली की आधी खात, मग ओकत, आणि तोंड पुसून विचारत, "काका, गरुड कधी?" मग काका इंजिन मंद करत, दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवत आणि बादलीतली कोंबडीची आतडी पाण्यावर भिरकावत. गरुड येऊन उचलून नेई. मोबाइल वर होत. ही युक्ती बावीस वर्षांपूर्वी काकांनीच काढलेली. आता धक्क्यावरच्या प्रत्येक बोटीत बादली होती, आणि बोलायची सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या शनिवारी लेक, जावई आणि सात वर्षांची नात आली होती.

"आजोबा, गरुड पायांनी मासा पकडतो?" नातीने विचारलं.

"पकडतो तर. उद्या दाखवतो."

बोलून गेले खरे, पण गरुडाला मासा धरताना त्यांनी स्वतः शेवटचं कधी पाहिलं होतं, तेच आठवेना. निदान या पोरीने तरी खरं बघावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. रविवारी त्यांनी गिऱ्हाईक घेतलं नाही, बादली घासून घरीच पालथी घातली आणि बोटीत खायचं नाही असं सगळ्यांना बजावलं.

"तुझ्या बापाला आज काय झालंय?" बायको लेकीला म्हणाली.

सकाळ बरी गेली. लव्हाळ्यात पाणमांजरं दिसली, खडकावर कासव दिसलं. मग बेटापाशी इंजिन बंद करून तासभर सगळे गप्प बसले. गरुड वाळक्या झाडावर होता. खाली मासे उड्या मारत होते आणि तो शहाणा काकांच्या हाताकडे बघत होता.

"नोकरीत कायम झालेला दिसतोय," जावई हळूच म्हणाला. काकांना हसू आलं नाही.

वैतागून ते सगळ्यांना घेऊन बेट चढायला निघाले. पायवाटेवर बाटल्या, झुडपात पोरांचे लंगोट, आणि सावलीची जागा दिसली की तिथे माणसांनी घाण केलेली. काकांनी नाकाला रुमाल लावला. वर घरट्याखाली हाडांचा आणि वेफर्सच्या पाकिटांचा खच होता. घरट्यातून निळं प्लास्टिक लोंबत होतं.

"हे गरुडाने आणलं?" नातीने विचारलं.

"आम्ही आणलं," काका म्हणाले.

त्या वासात कुणाला जेवण गेलं नाही. पावाबरोबर आणलेली भाजलेली कोंबडी अर्धी तशीच राहिली. काकांनी ती हाडांसकट पिशवीत बांधून घेतली. बेटावर आणखी घाण नको.

परत निघाले तेव्हाही गरुड जागचा हलला नव्हता. पोरगी रडली नाही, हट्टही केला नाही. आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "नाही दिसला तरी चालेल हं." तिने असं समजूतदार होणं काकांना सोसेना. रडली असती तर दटावता आलं असतं.

त्यांनी इंजिन मंद केलं. बोटं तोंडात गेली, शीळ वाजली. पिशवीतलं एक तंगडं त्यांनी लांब भिरकावलं. गरुड झाडावरून सुटला, पाय पुढे काढून पाण्यावर आला आणि तंगडं घेऊन गेला. जावयाने टाळ्या वाजवल्या, लेकीने वाजवल्या, बायकोनेही. काकांना स्वतःची अशी शिसारी आली की त्यांनी तिथेच पाण्यात हात बुडवून खसखसून चोळला.

नात टाळ्या वाजवत नव्हती. तिचं लक्ष पिशवीकडे होतं.

"आजोबा, आता मी टाकू?"

सगळे कौतुकाने बघत होते. नाही म्हणायला काकांनी तोंड उघडलं. पोरीचे डोळे सकाळपासून पहिल्यांदाच असे चमकत होते. त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि तिच्यापुढे धरली.

"शीळ मी वाजवतो," ते म्हणाले. "मग टाक."