घाट चढायची राहिलेली गाडी

त्या दुपारी कारखान्याच्या फाटकासमोर दादाची टॅक्सी उभी दिसली. दादा म्हणजे माझा मित्र दत्ताराम याचा थोरला भाऊ. हॉर्न वाजवून अख्खा रस्ता डोक्यावर घेतल्याशिवाय हा माणूस कधी थांबला नाही, आणि आज नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मी जवळ गेलो. त्याच्या मालवणीत तो एवढंच म्हणाला, "दत्ता गेलो रे..." काविळीने हॉस्पिटलात होता, पण आदल्याच संध्याकाळी मी भेटायला गेलो तर माझ्यावर डाफरला होता, मोसंबी कसली आणतोस, मोटारींचं मासिक आण म्हणून. चाळिशीसुद्धा गाठली नाही गाढवाने. महिना होत आला, माझा राग अजून जात नाही.

घाटकोपरच्या एकाच चाळीत आम्ही वाढलो आणि एकाच कारखान्यात फिटर म्हणून लागलो. चौसष्ट-पासष्टच्या सुमारास दत्ताच्या डोक्यात शर्यतीची गाडी शिरली. मोटार क्लबातले लोक तेव्हा पनवेलच्या पुढे एका घाटात चढाची शर्यत लावायचे. एका वेळी एकच गाडी सोडायची, खाली झेंडा, वर झेंडा, आणि घड्याळ. परदेशी मोटारी घेऊन शेठ लोकांची पोरं यायची. "त्यांच्याकडे ताकद आहे ना? आपण वजन कमी करू," दत्ता म्हणाला. कुर्ल्याच्या भंगारातून त्याने अपघातातल्या फियाटचं इंजिन आणलं, पाइप जोडून सांगाडा केला, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला. दारं नाहीत, काच नाही, शेजारची सीट नाही. चाळीमागच्या शेडमधून आम्ही चौघं ती गाडी खाटेसारखी उचलून बाहेर आणायचो. दादा बघून म्हणायचा, "गाडी आसा की पाळणो?"

रविवारी पहाटे आरे कॉलनीतल्या चढावर सराव. दुधाच्या गाड्या जाऊन रस्ता मोकळा झाला की दत्ता सुटायचा. गोठ्यांतल्या म्हशी मान वर करून बघायच्या आणि एक भय्या काठी उगारून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. वळणावर गाडी घसरली की दत्ता ओरडायचा, "झकास!" त्याचा तो चेहरा मी कारखान्यात कधी पाहिला नाही. तिथे तो मान खाली घालून काम करायचा, इथे राजा असायचा.

आणि शर्यतीच्या दिवशी काय केलं या राजाने? वजन नको म्हणून टाकीत पेट्रोल घातलं ते घाट चढण्यापुरतंच. हिशेब बरोबर होता रे, पेट्रोल कमी पडलं नाही! पण शेवटच्या उभ्या वळणावर होतं तेवढं सगळं टाकीच्या मागच्या बाजूला जाऊन बसलं आणि नळी होती पुढे. इंजिनाला मिळाली नुसती हवा. गाडी खोकली, थांबली. वरचा झेंडा समोर दिसत होता. मी धावत गेलो तर हा हसत होता. "वाट लागली यार," म्हणाला, आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागला. तिथेच त्याने ठरवलं, पुढच्या वर्षी झेंड्यापर्यंत जायचंच. पहिलं-दुसरं येणं खड्ड्यात गेलं.

वर्षभर खपून त्याने टाकी बदलली, नळी मागे घेतली. गाडी वाऱ्यासारखी पळू लागली. शर्यत तोंडावर आली आणि दादाच्या टॅक्सीचं इंजिन फुटलं. घरात दादाची चार कच्चीबच्ची, चूल टॅक्सीवर पेटायची. दत्ताने मला विचारलंसुद्धा नाही. स्वतःच्या गाडीचं इंजिन काढून दादाच्या टॅक्सीत बसवलं आणि वर मलाच म्हणाला, "टॅक्सीसुद्धा फियाटच ना. नशीब बघ." दादा दरवर्षी म्हणायचा, दुसरं इंजिन बघतो, तुझं तुला देतो. ते कधी जमलं नाही. मग पेट्रोलचे भाव भडकले, शर्यतीही थंडावल्या. दत्ताने तक्रार केली नाही, पण शेडमध्ये जाणंही सोडून दिलं. त्याला ते किती लागलं होतं, मला माहीत आहे.

गेल्या रविवारी दादाने मला शेडमध्ये बोलावलं. टॅक्सीला त्याने दुसरं एक जुनं इंजिन मिळवलं होतं आणि दत्ताचं इंजिन त्या गाडीत परत बसवलं होतं. हँडल मारलं, चालू झालं. शेड हादरली. "घाटात नेऊया," दादा म्हणाला. "तू चालव. एकदा त्या झेंड्याच्या जागेपर्यंत जाऊ दे." मी आत पाय घातले आणि अडकलो. दत्ता होता बुटका, किडकिडीत. सरकत्या सीटचं वजन नको म्हणून त्याने सीट आपल्या मापाने सांगाड्यालाच वेल्ड केली होती. माझे गुडघे स्टिअरिंगखाली असे रुतले की ब्रेकवर पाय जाईना. दादाचं पोट तर आतच शिरेना. मी म्हटलं, "दादा, सीट कापून मागे घेऊ. तासाभराचं काम आहे."

दादाने करवत घेतली. वाकला. पातं पाइपवर टेकवलं. सीटच्या पाठीवर दत्ताच्या खांद्यांनी घासून रंग गेला होता. दादाने तिथे हात ठेवला... मग करवत खाली ठेवून मटकन बसला.

"ह्या कापलंय तर त्येचा काय रवतला रे?"

दत्ताचं म्हणावं असं तेवढंच तर राहिलं होतं. इंजिन चालूच होतं. हात लांबवून मी ते बंद केलं.