घुशीचे भाऊबंद

आत्माराम मास्तर रत्नागिरीच्या शाळेतून निवृत्त होऊन जयगडकडच्या आपल्या गावी आले, ते साल एकोणीसशे एकतीस. येताना त्यांनी पेन्शन आणली, छत्री आणली आणि एका मासिकाचा फाटका अंक आणला. पेन्शन किती ते कुणाला सांगितलं नाही, छत्री कुणाला उसनी दिली नाही. अंकातलं ज्ञान मात्र सढळ हाताने वाटलं. ज्ञान वाटताना पदरचं काही जात नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

अंकात कुरतडणाऱ्या प्राण्यांवर एक लेख होता. मास्तर ओटीवर बसून रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारत आणि तो चुकून थांबलाच तर सांगत, "फार फार पूर्वी उंदराएवढा एक प्राणी होता. त्याची पिल्लावळ पांगली. काही झाडावर चढली. ज्यांना फांदी धरवली ती जगली, बाकीची पडून मेली. अशा लाखो वर्षांत खार झाली, दाट रानात शेकरू झालं. बिळातली ती घूस. केसांचे काटे झाले ते साळिंदर. जागा निराळी, खाणं निराळं, म्हणून अंगलट निराळी. पण पुढचे दात बघ, सगळ्यांचे जन्मभर वाढणारे. रक्त एकच."

चिचुंद्रीला मात्र त्यांनी या पंगतीतून उठवलं होतं. ती किडे खाणारी, तिचे दात तसले नाहीत. दिसायला उंदरासारखी आहे एवढ्यावर कुणी नातं सांगत येऊ नये, असं ते जरा रागानेच म्हणत.

एका रक्ताची एवढी आस्था असलेल्या या माणसाच्या घरात चुली दोन होत्या. धाकटा भाऊ गलबतावर तांडेल होता, तो समुद्रात गेला. त्याचं दिवसकार्य उरकताच मास्तरांनी घराच्या मधोमध कुडाची भिंत घालून घेतली. अलीकडे मास्तर आणि त्यांची बायको मथुरा, पलीकडे भावाची विधवा सावित्री. तिच्या वाट्याला एक खोली, परसाकडची पडवी आणि भातशेतीचा एक कोपरा आला. वर्षाचं पोट त्या कोपऱ्यावर, आणि पेरायचं बियाणं पडवीतल्या कणगीत, वरून शेणाने लिंपून ठेवलेलं.

शिमगा झाला आणि पडवीत घूस आली. सावित्री सापळा मागायला आली, कारण घरातला एकुलता एक सापळा वाटणीत मास्तरांकडे गेला होता.

"भावोजी, भुई उकरल्येन् सगळी. माझं बियाणं आहे तिथे."

"सापळा मिळायचा नाही," मास्तर म्हणाले. "एवढी मोठी घूस मी जन्मात बघितली नाही. ही खाण्यावर किती वाढते ते मला बघायचं आहे. आणि गणपतीच्या वाहनाच्या गोत्रातली आहे, तिला मारू नये."

लेखात लाखो वर्षं म्हटलं होतं. मास्तरांना निकाल पावसाळ्याआधी हवा होता. रोज सकाळी ते कुडाच्या फटीतून पलीकडे खोबऱ्याचा तुकडा टाकत. प्रयोग भिंतीच्या पलीकडेच का, असं मथुरेने विचारलं, तेव्हा तिथली परिस्थिती जास्त नैसर्गिक आहे असं उत्तर मिळालं. स्वतःचं बियाणं मास्तरांनी तांब्याच्या हंड्यात घालून वर झाकण दाबून बसवलं. त्या हंड्यात निसर्गाला शिरकाव नव्हता.

सावित्री आणखी एकदा आली. या वेळी तिला साळिंदराची माहिती मिळाली.

भाताची रोपं करायची जमीन, म्हणजे दाढ, भाजून झाली, गावात पेरणीची लगबग सुरू झाली. सावित्रीने कणगीचं लिंपण फोडलं आणि हात घातला. हाताला फोलपटं आली. घूस खालून शिरली होती. वरून कणगी जशीच्या तशी दिसत होती. सावित्री उठली, भिंतीला वळसा घालून मास्तरांच्या माजघरात गेली आणि तिने हंड्याच्या कडीला हात घातला.

मास्तर ओटीवरून धावत आले. "अगं, ते आमचं बियाणं आहे."

"माझं तुमच्या घुशीनं संपवलंन्," सावित्री म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "खारीचं नि साळिंदराचं नातं तुम्हाला लाखो वर्षांमागचं सापडलं, भावोजी. मी तुमच्या सख्ख्या भावाची बायको."

मास्तरांनी आधारासाठी मथुरेकडे पाहिलं.

मथुरा चुलीपाशी होती. तिने हात पदराला पुसले, पुढे आली आणि हंड्याची दुसरी कडी धरली.

"वाटेतून सरा," ती नवऱ्याला म्हणाली, "जड आहे."